चाळीस मिनिटांचा घाणा

ताई,

नमस्कार. हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. गेले चार रविवार फोन केला नाही, तो ओव्हरटाइममुळे नाही. मी ऑनलाइन कॉलेजात नाव घातलंय. बारावीनंतर शिक्षण सोडलं तेव्हा तू आठ दिवस अबोला धरला होतास. म्हणून ठरवलं, आता पास झाल्याशिवाय तुला सांगायचं नाही.

इथे हॉटेलच्या चादरी धुतो. मशीनमध्ये एकदा टाकलेल्या चादरींना आम्ही घाणा म्हणतो. घाणा चाळीस मिनिटं चालतो, तेवढ्यात मोबाइलवर एक धडा होतो. पहिला गृहपाठ होता आठवड्याचं वेळापत्रक. मी लिहिलं, सोमवारी दोन घाणे गणित, मंगळवारी तीन घाणे इंग्रजी, रविवारी पाच.

कॉलेजच्या बाईंचा फोन आला. "अहो, तुम्ही तेल गाळता का?"

"नाही बाई, चादरी धुतो."

त्या खूप हसल्या. मग म्हणाल्या, "सगळे घाणे भरलेत. घरच्यांशी कधी बोलता?"

"वेळच उरत नाही, बाई."

"म्हणजे घाण्याचा बैलच झालात की!"

ते लागलं. इंग्रजी पुढच्या सत्रात ढकललं. रविवारचा पहिला घाणा आता तुझा. फोनवर पोटभर शिव्या घाल, पण कॉलेजचं इतक्यात सांगणार नाही. मागे मशीनची घरघर ऐकू आली तर ओव्हरटाइमच समज. आणि चाळीस मिनिटांनी फोन ठेवला तर रुसू नकोस, चादरी काढायच्या असतात.

तुझा भिंगऱ्या,
हल्ली एका जागी बसणारा