श्रावणातल्या पुड्या

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५
काल सकाळी पूजा आटोपून उन्नतीला तिच्या कोलंबीच्या अ‍ॅलर्जीवर डॉक्टरांनी दिलेली कोलंबीचीच पूड केळ्यात कालवून दिली. दहा मिनिटांत ओठ सुजले. मग दम कोंडला. सुमेधाने तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं — मी नुसता उभा. लेक अकरा वर्षांची. वाचली.

मंगळवार, २६
डॉक्टर संघमित्रांनी विचारलं, "पूड रोज देत होता ना? मध्ये खंड नाही ना पडला?"
सुमेधाच बोलली, "यांच्याच हातून घेते ती. पूजा झाली की लगेच."
मीही होकारार्थी मान डोलावली.
श्रावणात आमच्या घरी मासळी शिजत नाही. देवाची पूजा करून त्याच हाताने कोलंबी भरवणं मनाला पटेना. सुमेधाला बोललो होतो, तर म्हणाली, "औषध हाय ते. त्याला कसला श्रावन?" मग तिची पाठ वळली की पूड मोरीत सोडायचो आणि नुसतं केळं भरवायचो. महिनाभर. श्रावण संपल्यावर जेवढ्यावर थांबलो होतो तेवढीच पुन्हा दिली. खंड पडला तर आधी फोन करा, असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं आहे. मी ते वाचलं होतं.

शनिवार, ३०
डॉक्टरांनी समजावलं. अंगात भांडण आवरणाऱ्या पेशी असतात. कोलंबी आली की बाकीच्या पेशी धावून जातात, या त्यांना थोपवतात. रोज थोडी थोडी पूड, हळूहळू वाढवत, पोटात गेली की त्यांचं बळ वाढतं. "हिच्यात त्या टिकत नाहीत असं दिसतंय. धोका नको, बंद करू."
रिक्षात उन्नती म्हणाली, "म्हंजे माझ्यातच खोट हाय."
शिरवण्यात आमच्या आळीत घरोघरी कोलंबी शिजते. नुसत्या वाफेनेही तिला धाप लागते. पोरीने जन्मभर खिडक्या लावून बसायचं?

बुधवार, ३ सप्टेंबर
जपात मन लागत नाही.

शुक्रवार, ५
सुमेधा तिला दटावत होती, "शाळेत कुनाच्या डब्यातलं खाल्लंस? रोजची पूड उगाच कशी बाधेल? खरं बोल."
"देवाशपथ नाय, मम्मी."
मी पलीकडे समईची वात नीट करत बसलो.

सोमवार, ८
आधी उन्नतीला सांगितलं, तिच्या आईसमोर. मग डॉक्टरांना. त्यांनी फाइलवरचं 'उपचार बंद' खोडलं. पुन्हा पहिल्या पुडीपासून सुरुवात.
उन्नती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता मम्मी देईल."