दोन दाते मागे

बाबा, काल मी राजापेठेत जाऊन माझे कान तपासून घेतले. क्लासच्या पोरांच्या गाड्यांनी तो रस्ता असा गजबजलेला असतो की पाय ठेवायला जागा नाही, आणि मला त्यांचे हॉर्न ऐकू येत होते, म्हणून मी मनाशी म्हणत होते की कशाला हा खटाटोप. पण टीव्हीचा आवाज मोठा ठेवते म्हणून घरच्यांनी माझं डोकं खाल्लं होतं. तिथल्या मुलीनं मला एका लहानशा खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आणि आवाज आला की दाबा म्हणाली. मग बाहेर बोलावून कागदावरची उतरती रेघ दाखवली. डावा कान बराच गेलाय, उजवा त्याच्या मागोमाग निघालाय. घरात कुणाला होतं का, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, वडिलांना. कधीपासून? मी म्हणाले, उतारवयात, अगदी शेवटी. तिनं तसं लिहून घेतलं. स्कूटरजवळ आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली, मी स्वतः साठीकडे निघाले, आणि तुमच्या कानांबद्दल मी अजून खोटंच सांगते आहे. म्हणून हे लिहायला बसले.

तुमची ती डिझेलची पांढरी गाडी मला आतूनच जास्त आठवते. सकाळी अमरावतीहून अकोला, संध्याकाळी परत. मागे चार अपडाऊनवाले दाटीवाटीनं बसलेले, दोन शिक्षिका, एक बँकेतले, एक कचेरीतले, आणि पुढे तुमच्या शेजारी मी, कॉलेजची पुस्तकं मांडीवर घेऊन. समोर चाचांनी बसवलेला टेप. राजापेठेत त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि तुमचा त्यांच्यावर सख्ख्या भावासारखा जीव होता. डावीकडे आवाजाचं बटण, उजवीकडे स्टेशन लावायचं, मधे कॅसेटची फट. चालत्या गाडीत टेपला हात लावतो तो ड्रायव्हरच नव्हे, हा तुमचा नियम, म्हणून टेप माझ्याकडे. कॅसेट ढकलताना जोर लावायचा नाही, आत बसल्याचा आवाज आला की सोडायची. पुढे पळवायचं बटण अर्धं दाबायचं, कारण पुरतं दाबलं की ते अडकून बसतं. वैशाखात कॅसेट काचेजवळ ठेवायची नाही, वाकडी होते. पंधरा दिवसांनी काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून आतलं हेड पुसायचं. आणि रस्त्यात अंत्ययात्रा दिसली की टेप बंद, शेवटचा माणूस आरशातून दिसेनासा होईपर्यंत. हे सगळं मला अजून येतं. आता काही कामाचं नाही, तरी येतं.

रोज सकाळी निघण्याआधी अंगणात तुमची परीक्षा चालायची. आजोबांचे कान पन्नाशीत गेले होते, तुम्ही सत्तेचाळीसचे झालात आणि धसका घेतलात. माझ्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका आवाजाच्या बटणाशेजारी लावलात. गाडी बंद, काचा वर, बटणावरची पांढरी रेघ त्या ठिपक्यावर आणून ठेवायची, आणि रेडिओवर सकाळच्या बातम्या लावायच्या. तुम्ही दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून सरळ बसता, बातमी ऐकता आणि मला सांगता की तो काय म्हणाला. मी मान हलवली की गाडी निघते. मी एकदा म्हटलं, त्यापेक्षा कॅसेट लावून बघा ना, खरखर तरी नसते. तुम्ही म्हणालात, "कॅसेट पाठ होते बाई, मंग कान खोटं बोलते. बातमी रोज नवी. ज्या दिवशी ते समजली नाई, त्या दिवशी म्या स्टेरिंग सोडलं." तुमच्या मांडीला मांडी लावून बसणारे स्टँडवरचे ड्रायव्हर या गोष्टीवरून तुमची टर उडवायचे. तुम्हाला त्याचं काही नव्हतं. मागे चार घरची माणसं बसलेली असतात, एवढंच तुम्ही म्हणायचात.

मी दुसऱ्या वर्षाला असताना ती बातमी समजेनाशी झाली. आधी एखादं वाक्य सुटायचं, मग तुम्ही मान पुढे काढून ऐकायला लागलात. मी म्हणायचे, बाबा, आज स्टेशनच बारीक लागलंय. तुम्ही माझ्याकडे बघायचात, आणि मी खिडकीबाहेर. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात की अजून आठवडाभर पाहू, नाही तर गाडी विकून टाकू. बाबा, मला त्या क्षणी तुमची काळजी वाटली नाही. मला आत्या आठवली. परतवाड्याचं एक स्थळ घेऊन ती तीन वेळा येऊन गेली होती, आणि दर वेळी तुम्ही तिला एकच सांगितलं होतं, गाडी अकोल्याला जाते तोवर पोरगी शिकेल. गाडी गेली की माझं कॉलेज गेलं, असा सरळ हिशोब माझ्या डोक्यात होता. तुम्हाला साधं विचारलंसुद्धा नाही की गाडी नसली तर माझं काय.

ते बटण ओढलं की निघतं हे मी चाचांच्या दुकानात पाहिलं होतं. आतल्या दांडीला बारीक दाते असतात, कोणत्याही दात्यावर बसवा, बसतं. तुम्ही आंघोळीला गेला होता, आई चुलीपाशी होती. मी गाडीत बसले, बटण ओढून काढलं, दोन दाते मागे फिरवून परत दाबून बसवलं. आता रेघ ठिपक्यावर आणली की आवाज पहिल्यापेक्षा मोठा निघणार होता. या कामाला पाणी प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही बातमी ऐकली आणि मला ती सगळी सांगितलीत, अगदी शेवटच्या हवामानापर्यंत. तुमचा चेहरा कसा झाला होता ते मी लिहू शकत नाही. त्या संध्याकाळी परत आल्यावर तुम्ही गाडी दह्यातल्या गिला वड्याच्या ठेल्यापाशी उभी केलीत, मला दोन प्लेट खायला घातल्यात आणि त्या वडेवाल्याला उगीचच सांगितलंत की माझे कान माझ्या बापावर गेले नाहीत. मी दही चाटून पुसून खाल्लं. घशाखाली उतरत नव्हतं असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण उतरत होतं.

मी माझ्या मनाची समजूत अशी घातली होती की तुमचे कान मी होईन. सव्वा वर्ष झालेही. मागून ट्रक वाट मागतोय, डावीकडून मोटरसायकल येतेय, फाटकाची घंटा वाजतेय, मी सहज बोलल्यासारखं सांगत राहायचे आणि तुम्ही आरशात बघून गाडी बाजूला घ्यायचात. डिझेलच्या घरघरीत मागच्यांना काही कळायचं नाही. मग तो दिवस आला. मूर्तिजापूरच्या अलीकडे कॅसेटची फीत टेपात गुंतली. मागच्या बाईंची कॅसेट, त्यांच्या बहिणीकडून मागून आणलेली, तेव्हा त्या हवालदिल. मी वाकून ती हळूहळू सोडवून घेतली आणि पेन्सिल घालून फीत गुंडाळत बसले. हॉर्न मी ऐकला. कानावर पडला, पण डोकं फितीत होतं. तुम्ही कचेरीतल्या साहेबांना उतरवायला गाडी डावीकडे घेतलीत आणि मोटरसायकल येऊन आदळली. बडनेऱ्याचा रेल्वेतला माणूस होता. पाय दोन ठिकाणी मोडला. सगळे उतरून तुमच्याभोवती ओरडत होते की तो केव्हाचा हॉर्न वाजवतोय. तुम्ही त्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसला होता, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारत होता, "कोनता हारन?"

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गाडीत बोलावलंत. काचा वर केल्या, बातम्या लावल्या, रेघ ठिपक्यावर. सगळी बातमी तुम्हाला समजली. तुम्ही रेडिओ बंद केलात आणि बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "बाई, तू या बटनाले हात तं नाई लावला?" मी म्हणाले, नाही बाबा. बस, तेवढंच. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत, कारण घरात माझ्यावर खोटं बोलल्याचा आळ कधी आलेला नव्हता. "मंग माहा डोळाच लागला असन," तुम्ही म्हणालात, आणि हेच तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. पोलिसांना, स्टँडवर, त्या माणसाच्या म्हाताऱ्या आईला. बावीस वर्षांत स्टेअरिंगवर कधी जांभई न दिलेला माणूस चाकावर झोपला. अमरावतीत अशी गोष्ट पसरायला आठ दिवस पुरतात. शिक्षिकाबाई एसटीनं जायला लागल्या, बँकवाल्यांनी दुसरी गाडी लावली. तुम्ही स्वतः घालून घेतलेल्या नियमानं ताठ मानेनं खाली उतरला असतात, बाबा. मी तुम्हाला मान खाली घालून उतरायला लावलं.

दर रविवारी तुम्ही सायकलनं बडनेऱ्याला त्या माणसाकडे जाऊन बसायचात. तो भला निघाला. डुलकी कुणालाही लागते काका, असं म्हणायचा, आणि तुम्ही घरी येऊन ते आम्हाला सांगायचात तेव्हा मी आत पाणी भरायला जायचे. त्यानंच तुम्हाला सांगितलं की विद्यार्थ्यांना रेल्वेचा सवलतीचा पास मिळतो, पोरीचं कॉलेज कशाला बंद करता. त्याचा पाय अजून प्लास्टरमध्ये होता आणि तो माझ्या शिक्षणाची सोय लावत होता. तुम्ही मला पास काढून आणून दिलात. उरलेलं कॉलेज मी बडनेऱ्याहून गाडी पकडून केलं, पहिल्या वर्गात पास झाले, नोकरीला लागले. पास आधीही निघत होता, बाबा. फक्त विचारायचं होतं.

गाडी विकली तेव्हा घेणाऱ्याला टेप नको होता. चाचा तो काढायला आले. तुम्ही आत कागद शोधत होतात. चाचांनी आवाजाच्या बटणाला हात घातला आणि बंद असताना रेघ जिथे असायला हवी तिथे ती नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं, ते त्यांनीच बसवलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्यांनी काही न विचारताच मी रडायला लागले आणि बाबांना सांगू नका म्हणाले. चाचांनी बटण ओढून काढलं आणि खिशात टाकलं. "मी काहून सांगू, बेटा," ते म्हणाले. "माहं काम टेपचं. सांगाचं काम तुहं हाये." त्यानंतर मी त्यांच्या दुकानावरून जाताना पलीकडची बाजू धरायला लागले.

पुढे दहा-बारा वर्षांनी माझ्या पगारातून तुम्हाला कानाची मशीन घेऊन दिली. सगळ्यांना माझं कौतुक वाटलं, तुम्हाला तर फारच. डॉक्टर म्हणाले की कान फार वर्षांपूर्वीच कमी झालेले दिसतात, तर तुम्ही त्यांच्याशी हुज्जत घातलीत. म्हणालात, तेव्हा तर मले स्वच्छ ऐकू येत होतं, रोज पाहत होतो आम्ही, विचारा हिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, हो, येत होतं. एकदा बोललेल्या खोट्याला किती वर्षं खाऊ घालावं लागतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्या शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तुम्हाला सगळं सांगितलं. बटण, दाते, आत्या, फीत, पास, काही ठेवलं नाही. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होता, मधेच हसलात, माझ्या हातावर थोपटलंत आणि म्हणालात, "हो बाई, होते तसं." मी धाकट्या भावाला सांगितलं की मी बाबांना सगळं बोलले आणि त्यांनी मला माफ केलं. तो रडला. आजही कधी विषय निघाला की तो हेच म्हणतो, बरं झालं ताई, तू बोललीस. हे पत्र त्याला वाचून दाखवावं असं मनात होतं, पण नाही दाखवणार. त्या दुपारी तुमच्या कानात मशीन नव्हती. तुम्ही ती काढली नव्हती. सेल संपत आलेत, बदलून देते, असं म्हणून बोलायला सुरुवात करण्याआधी मीच काढून घेतली होती. सेल नवे होते.