हिरव्या पट्ट्याची पाहुणी

२१ डिसेंबर
तळ्यावर हंस आले. डोक्यावर काळ्या रेघावाले, दरसालचेच. पण एकाच्या मानेत हिरवा पट्टा, वर अक्षरं! मोबाईलवर फोटो काढून वाशिमच्या पक्षीवाल्या मॅडमले धाडला. नीट नाई आला म्हणे, पुन्हा काढ. बरं बाई. घोट्याएवढ्या गाळात उभी राहून काढला.

२५ डिसेंबर
मॅडमनं फोटो पुढं धाडला, तं थेट मंगोलियातून उत्तर! पट्टा तिथल्या अभ्यासवाल्यांनीच घातला. मादी आहे, हिमालय ओलांडून आली. तिथली एक मेंढपाळ बाई पिल्लं मोठी होईपर्यंत आपले कुत्रे बांधून ठेवते म्हणे. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं कोण सांभाळते? मॅडमनं माझं नाव देल्लं. मले न विचारता! दिवसभर कामात चित्त नाई.

२ जानेवारी
पाणी मागं सरकलं तशी गाळात हरभऱ्याची शेवटची पेरणी उरकली. मागच्या पेऱ्याचे कोंब हंस खाऊन राह्यले. सासरे, आमचे मामाजी, तणतणले, "तुह्या पाहुणीले सांग, आपल्या घरी जेव म्हणा." तिकडच्या बाईनं कुत्रे बांधले, मी मामाजीले बांधू काय?

५ जानेवारी
काठावर एक हंस मेलेला. मान सरळ करून पाह्यली. पट्टा नाई. पण मेला तो मेलाच ना. बाजूला चिखलात लालभडक हरभरा. किडीचं विषारी औषध चोळलेलं आमचंच उरलेलं बियाणं.
मामाजी म्हणे, "घरी ठेवलं तं बैल खाईन, म्हणून पाण्याकडं फेकलं."
"बैल खाईन हे समजलं, हंस खाईन हे काहून नाई समजलं?"
सासऱ्याले असं कधी बोलली नव्हती. ते जेवले नाईत. वाईट वाटलं. तरी शब्द मागं घेणार नाई.

६ जानेवारी
हाताले पिशव्या बांधून दाणे वेचत बसली. फुगलेले, गाळात रुतलेले... किती खाल्ले असतीन, देव जाणे. थोड्या वेळानं मामाजी आले. धोतर खोचून बाजूले बसले, वेचू लागले. मग हळूच, "त्या कुत्रेवाल्या बाईले सांगशील काय हे?"
मी त्यांच्याही हाताले पिशव्या बांधल्या. सारं दूर बांधाकडं खोल पुरलं.

८ जानेवारी
मॅडमले खरं सांगून टाकलं. रागावतीन वाटलं. म्हणाल्या, तिकडं कळवावं लागेल. कळवा म्हटलं.
हंस पल्याडच्या काठाले गेले. पट्टा दिसून नाई राह्यला. जवळ गेली की उडतात.

फेब्रुवारी, मधातच कधीतरी
आजही पट्टा नाई दिसला. मामाजी रोज विचारतात. मले चीड येते, मग त्यांचीच कीव येते.

११ मार्च
थवा निघाला. घरावरूनच गेला, ओरडत. मान दुखेपर्यंत पाह्यलं. एवढ्या उंचावर पट्टा काय दिसते! मामाजी अंगणात कपाळाले हात लावून उभे.
"होती काय?"
"माईत नाई."
मॅडमचा मेसेज आला, मंगोलियावाले विचारतात, निघाली का? अजून उत्तर नाई देल्लं. तिकडं त्या बाईनं कुत्र्यांसाठी दोर काढून ठेवला असन.