डोरोतेआच्या जेवणाची चौकशी

इनाराहान, ग्वाम
रविवार, चर्चमधून आल्यावर

तीर्थरूप ग्रेगोरिओदादा यांस,

आपल्या रीतीने नमस्कार म्हणून तुमच्या उजव्या हाताला इथूनच नाक लावतो. वहिनींच्या गुडघ्यांना सान डिएगोची थंडी सोसते ना? इकडे सर्व ठीक. सर्व म्हणजे मी; सध्या घरात मी एकटाच आहे. (कोंबडा आहे, पण त्याच्याशी बोलणं बंद आहे.)

फोनवर तुम्ही विचारलंत, डोरोतेआची सरकारी मदत सुरू झाली का. मी "झाली" म्हणालो आणि फोन ठेवला. उत्तर बरोबर होतं, पण अपुरं होतं, आणि अपुरं उत्तर मला रात्रभर टोचत राहतं हे तुम्ही जाणताच.

आपल्या बहिणीची नजर मधुमेहाने गेली, आणि तिची औषधं माझ्या एसी दुरुस्तीवर चालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता पुढचं ऐका. सरकार एकच, अमेरिकेचं; झेंडा एक, पासपोर्ट एक. पण अंध माणसाची मासिक मदत तुमच्या कॅलिफोर्नियात मिळते, समोरच्या रोटा बेटावर मिळते, आणि ग्वामवर मिळत नाही. म्हणजे इथे असेपर्यंत ती आंधळी आहे हे सरकारला दिसत नाही. छोट्या विमानात बसवा, कानात दडे बसतात न बसतात तोच रोटा येतं, आणि तिथे उतरून राहिली की ती कायदेशीर आंधळी. मी कॉलेजात गेलो नाही, पण नियम मुळातून वाचतो. चुकीचा वाचला असेल म्हणून पुन्हा वाचला. तसंच आहे.

म्हणून तिला रोटावर अतानासियामावशीच्या गावी नेलं. नियमात आणखी एक कलम आहे: दुसरं कोणी फुकट जेवू घालत असेल तर मदतीचा एक तृतीयांश कापतात. तेव्हा मावशीच्या घरात ठेवलंच नाही. शेजारी भाड्याची खोली, वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, आणि पातेल्यावर तिचं नाव. (तिला ते वाचता येत नाही, पण तपासणीला येणाऱ्याला येतं.) उत्तरही पाठ करून घेतलं: "माझं अन्न मी विकत आणते, मीच रांधते."

सायपानच्या कचेरीतून तपासणीला बाई येणार, ही बातमी गावात फुटली. कशी फुटली ते मी शोधून काढलं: चर्चबाहेर मीच सांगितली होती. पण दादा, पाहुणी येणार म्हटल्यावर आपली माणसं स्वस्थ बसतात का? बाईच्या आधी लाल भाताची परात आली. लिंबू-नारळात कालवलेल्या कोंबडीचं केलागुएन आलं, भाजलेले निरफणस आले, नारळी खेकडे आले, आणि कुणाच्या तरी नातवाच्या बाप्तिस्म्यातलं अर्धं डुक्कर आलं. नाव घातलेलं पातेलं त्या गर्दीत दिसेना.

बाई आपल्यातलीच, या बेटांवरची चामोरो. मावशीच्या हाताला नाक लावून आत आली, ताट घेतलं, आणि खाता खाता विचारलं, "डोरोतेआताई, रोज तुम्हाला जेवू कोण घालतं?"

"कोण घालत नाही ते विचार, बाय!" आपली बहीण म्हणाली. "आल्यापासून तांदळाचा दाणा विकत आणलेला नाही. हा फेलिक्स एक पातेलं देऊन गेलाय, त्यात मी सुपाऱ्या ठेवते."

मी मध्ये पडलो. म्हटलं, बाईसाहेब, हे फुकट नव्हे. आपल्यात आलेलं फेडावं लागतं. आजोबांच्या मयतीला या घरांनी आणलेली डुकरं आम्ही अजून फेडतोय.

"हे तुम्ही मला सांगताय?" बाई म्हणाली. "त्या मयतीला भात माझ्या आईने आणला होता. पण फेडीचा रकाना माझ्या कागदात नाही, त्याला मी काय करू?"

"मग आत्ता दोन ताटं जेवलात, तुमचा पगार कापतात का?"

"फेलिक्स, तोंड मिट," मावशी म्हणाली, आणि बाईला घरी न्यायला भरपूर अन्न बांधून दिलं. तिने ते घेतलं. न घेऊन सांगते कुणाला! पुढे मदत मंजूर झाली, एक तृतीयांश कापून.

तर असं सगळं मार्गी लागलं आहे. (मध्येच उठून फाटक बघून आलो. कोणी नव्हतं.) घर शांत आहे. फक्त काही सापडत नाही. पाना, चष्मा, मेणबत्त्या कुठे आहेत, हे या घरात जिला दिसत नव्हतं तिलाच माहीत. फोन केला की सांगते, "वरच्या फळीवर, आईच्या तसबिरीमागे." तिथेच असतात. पण एका चष्म्यासाठी माणसाने किती फोन करायचे? (पुन्हा फाटक बघून आलो.)

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा असू द्या, त्यातून काही कापू नका.

तुमचा धाकटा,
फेलिक्स

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र डोरोतेआला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढे नियम वाचलेस, आणि एवढं कळलं नाही तुला? उत्तर मला चोख पाठ होतं. मुद्दाम तसं बोलले. म्हटलं, सगळंच नाकारतील आणि तू मला घरी नेशील. तर मेल्यांनी दोन भाग मंजूर केले!"

ता. क. दुसरा. शनिवारी तिला आणायला जातो आहे. ती घरी राहायला आली की मदत बंद, हाही नियम वाचला आहे. म्हणून एसीची आणखी कामं धरतो. तिला माझ्याकडे पाठव, असं तुम्ही म्हणाला होतात, ते नको. त्याऐवजी एक काम करा. तुम्ही तिथे मत देता. आम्हाला इथून पलटणीत जाता येतं, राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही. तुमच्या मतावर निवडून आलेल्या माणसाच्या दारात जाऊन बसा आणि त्याला सांगा, डोरोतेआ तायमांग्लो नावाची आंधळी बाई ग्वामवर, आपल्या घरात राहते. तिथून दिसत नसेल तर येऊन बघ म्हणावं. आधी कळवायची गरज नाही. ताट वाढलेलं असेल.