सुतळी बांधलेल्या बाटल्या

आई,

तू पाथर्डीहून येशील तेव्हा मी गेलेली असेन. मुंबईला नाही, औरंगाबादला. फार्मसीला प्रवेश दोन्हीकडे मिळाला होता. मुंबईची डिग्री चार वर्षांची, औरंगाबादचा डिप्लोमा दोन. आप्पांनी मुंबई ठरवली आणि श्रीरामपूरभर सांगूनही आले. पण चार वर्षं त्यांना औषधांच्या दुकानात कुणाच्या भरवशावर सोडायचं?

परवा राहीबाई नातीसाठी खोकल्याचं औषध न्यायला आल्या. आप्पांनी अंगाला चोळायचं दिलं. मी स्टेशनपर्यंत पळत जाऊन बाटली परत आणली. आप्पांना कळू दिलं नाही. डोळ्यांचा विषय काढला की ते ताटावरून उठतात. पण तू तरी किती दिवस गप्प बसणार आहेस?

पोटात घ्यायची नाहीत अशा औषधांच्या सगळ्या बाटल्यांच्या गळ्याला मी सुतळी बांधली आहे. आप्पांनी विचारलं तर रतनची नवी पद्धत म्हणून सांग. उद्यापासून दुकानात त्यांच्या शेजारी तू बस, घरचं काम पडलं तर पडू दे. डिप्लोमा झाला की परवाना माझ्या नावावर घेऊ, तेव्हा त्यांना मीच सगळं सांगेन.

आप्पा मला गाडीत बसवायला स्टँडवर येणारच म्हणतात. कंडक्टर गनीभाईंना गावाचं नाव पुकारू नका म्हणून सांगून ठेवलंय. गाडीच्या पाटीवर औरंगाबाद मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल. आप्पा त्या पाटीखाली उभे राहून मला मुंबईत जपून राहायला सांगतील, आणि मी हो म्हणेन.

रतन