पूजाच्या जाकिटाचा निकाल

कट्टा, ता. मालवण
३ डिसेंबर २०२४

चि. गौरजा हिस भाईमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. त्यात 'सीमाशुल्क' मधला 'सी' तू ऱ्हस्व काढला आहेस. ज्या खात्याचा पगार खातेस त्याच्या नावात तरी वेलांटी चुकवू नकोस. फोनवर बोलायला माझे कान आता उपयोगाचे राहिले नाहीत, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

तुझा मला फार अभिमान आहे. कट्ट्याच्या बाजारात मी भेटेल त्याला सांगतो, की माझी भाची न्हावा शेवाच्या बंदरात बसते आणि परदेशातून आलेला कपडा कोणत्या वर्गात घालायचा ते ठरवते. ती ठरवील तसं शुल्क. आयुष्यभर मी पोरांना नाम आणि सर्वनाम वेगळं करायला शिकवलं, तू तेच काम कपड्यांवर करतेस.

आता खरं काम. पूजाने कुडाळची ऑफिसातली नोकरी सोडून देवबागच्या बायकांबरोबर होडी धरली आणि कर्ली खाडीत पर्यटकांना कांदळवन दाखवायला लागली, हे तुला ठाऊक आहे. तेवढं मी गिळलं. पण वाऱ्यासाठी म्हणून तिने एक परदेशी जाकीट घेतलं आहे, ते चढवलं की ती माझी मुलगी दिसत नाही. परवा एसटी स्टँडवर सत्यवान दुकानदार माझ्या कानाशी तोंड आणून सगळ्यांदेखत म्हणाला, "भाई, तुमचो झील वल्ही बरी मारता." मला झील नाही, एकुलती मुलगी आहे, हे त्याला पक्कं माहीत. लोक हसले.

घरी येऊन मी पूजाला बोललो, की पुरुषांचे कपडे घालून बापाची शोभा करू नकोस. ती म्हणाली, जाकीट बायकांचं आहे. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. एकाच ओटीवर बसतो आणि तुझी माईमामी मधे निरोप पोचवते. ती बिचारी कंटाळली. शेवटी तिनेच तोड काढली, की गौरजा सांगेल ते दोघांनी मानायचं. पुरुषांचं निघालं तर पूजा जाकीटही सोडणार आणि होडीही. हट्टाला माझ्यावर गेली आहे. बायकांचं निघालं तर मी तिच्या होडीत जाऊन बसायचं.

ती आंघोळीला गेली असताना मी जाकीट खिडकीत नेऊन तपासलं. निळं, पातळ, सरळसोट, टोपीचं. बटणं नाहीत, गळ्यापर्यंत चेन. चिठ्ठीवर माप आणि परदेशी अक्षरं, बाकी काही नाही. आतून छातीशी खिसा आहे. आतला खिसा पुरुषाशिवाय कोणाला लागतो? निकाल उघड आहे, तू फक्त शिक्का मार.

माईचे आशीर्वाद. मामावर माया असू दे, पण निकालात ती आड आणू नकोस.

तुझा,
भाईमामा


पनवेल
११ डिसेंबर २०२४

ती. भाईमामांस गौरजाचा सा. न. वि. वि.

वेलांटी दुरुस्त केली आहे. साहेबांनाही दाखवली, त्यांचीही चुकत होती.

मामा, आमच्याकडे कपडा आला की आधी कापड बघतात. बनियनसारखं विणीचं, की धोतरासारखं मागावरचं? ओढून पाहायचं, शंका आली तर भिंगाखाली धरायचं. शुल्काच्या पुस्तकात दोन्हींची प्रकरणं वेगळी. तुमच्या वर्णनावरून हे मागावरचं दिसतं. पुढचा प्रश्न तुमचा, की कोणाचं? तिथे आम्ही समोरची बटणांची पट्टी बघतो. डावी बाजू उजवीवर आली तर पुरुषांचं, उजवी डावीवर आली तर बायकांचं. शिवणीच्या बेतावरून स्पष्टच कळत असेल तर पट्टी बघायची गरज नाही. तुमच्या जाकिटाला बेत सरळसोट आणि पट्टीच्या जागी चेन. खिशाचा पुरावा मी फेटाळते, माझ्या कोटाला आतून दोन आहेत.

मग अशा कपड्याचं काय करायचं? पुरुषांचा की बायकांचा हे ओळखताच येत नसेल, तर तो बायकांच्या वर्गात घालायचा, असा नियम आहे. माझा नाही, जगभर तोच चालतो. नोकरीला लागले तेव्हा तो वाचून मी खुर्चीत मागे टेकून बसले होते. तुम्ही आम्हाला शिकवलंत, की दार वाजलं आणि बाहेर कोण ते कळलं नाही तर आपण "कोण रे?" विचारतो, "कोण गो?" विचारत नाही. भाषेत ज्याची ओळख नाही तो पुरुष. इथे कोणीतरी शांतपणे उलटं लिहून ठेवलं होतं. मला ते फार आवडलं.

तेव्हा निकाल असा, की जाकीट बायकांचं.

आता निकालाबाहेरचं. मे महिन्यात मी पूजाच्या होडीत बसले होते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ लागली, वारा फिरला, होडीतली माणसं उभी राहायला लागली. पूजाने आवाजसुद्धा चढवला नाही. सगळ्यांना खाली बसवलं, एका वल्ह्यावर होडी फिरवली आणि कांदळवनाच्या आडोशाला आणली. मी भरलेले कंटेनर उघडायला लावते, माझा रुबाब मोठा. पण त्या दिवशी मला वाटलं, आपल्या घरात धीराची पोरगी ती आहे. तुम्ही बाजारात माझं कौतुक करता तेव्हा ती शेजारी उभी असते, मामा.

माईला नमस्कार. लोभ असाच पाठवत जा, त्यावर शुल्क नाही.

तुमची,
गौरजा


कट्टा, ता. मालवण
२९ डिसेंबर २०२४

चि. गौरजा हिस भाईमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र माईने मोठ्याने वाचलं. पूजा चुलीपाशी होती. निकाल ऐकून ती हसली नाही, भाकरी थापत राहिली. तुझा शेवटचा परिच्छेद मात्र मी माईच्या हातून घेऊन पुन्हा स्वतः वाचला. मला राग आला होता, तुझा नव्हे.

शब्द दिला होता, म्हणून पूजा पहिल्या एसटीने गेल्यावर, तिला न सांगता मी दुसरीने मालवण आणि तिथून देवबाग गाठलं. सत्यवानाला मुद्दाम बरोबर नेलं. जेट्टीवर धुकं असं, की पाणी कुठे सुरू होतं ते समजेना. तेवढ्यात एक होडी दिसली. उभं राहून कोणीतरी वल्हं मारत होतं, अंगात जाकीट, डोक्यावर टोपी ओढलेली. चेहरा नाही, काही नाही. देवबागेत तसली जाकिटं आता बऱ्याच जणांकडे आहेत. सत्यवानाने हात तोंडाशी धरून हाक मारली, "कोण रे?" होडी आपली सरळ पुढे निघाली.

मला तुझा नियम आठवला. सगळी ताकद लावून मी ओरडलो, "कोण गो?"

वल्हं थांबलं. होडी वळली. तिने टोपी मागे टाकली आणि काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, पण जेट्टीला लागताच तिने पुढे केलेला हात दिसला. तो धरून मी होडीत उतरलो. सत्यवान म्हणाला, की ती "येतास, बाबा?" असं विचारत होती.

तिचं वल्हं एक थेंब न उडवता पाण्यात शिरतं गं. मी तिला तिथेच सांगितलं, की असं काम मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. वारा झोंबायला लागला तेव्हा तिने ते जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं. मी घातलं. बायकांचं आहे हे ठाऊक असून घातलं, आणि खाडीभर मिरवलं.

माईचे आशीर्वाद. या मामावर जशी आहे तशीच माया ठेव, आणि इकडे आलीस की आधी पूजाच्या होडीत बस, मग घरी ये.

सत्यवानाने बाजारभर सांगून टाकलं आहे. हल्ली स्टँडवर मला कोणी भाई मास्तर म्हणत नाही, "पूजाचो बापूस इलो" म्हणतात. मी दुरुस्ती करत नाही.

तुझा,
भाईमामा