थांबण्याचे नियम

प्रिय स्वल्पी,

पंधरा वर्षांनी माझं अक्षर बघून आधी पाकीट उलटंपालटं करून पाहशील, हे ठाऊक आहे. आम्ही बऱ्या आहोत. आईचा गुडघा बदलला, आता ती माझ्या पुढे चालते. मी अजून त्याच संस्थेत, त्याच मजल्यावर. केस तेवढे पांढरे झाले.

परवा कपाट आवरताना आपली जुनी वही सापडली. प्रयोगशाळेमागची ती अडगळीची खोली, एक खुर्ची, एक स्टूल, आणि पंखा लावला की उडणारे कागद. तुझ्या बाबांनी जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली आणि नेमकी त्यांचीच नजर गेली. त्यांना पुस्तक वाचून दाखवणारा प्रोग्राम करायचा, हे तूच ठरवलंस. आवाजाचं काम मी केलं, पण तो आवाज एका दमात धावत सुटायचा. बाबा मला म्हणाले, "ढमे, याला कुणीतरी श्वास घ्यायला शिकवा गं." तू तीन महिने खपलीस. कुठे थांबायचं, कुठे नुसतं रेंगाळायचं, सगळे नियम तू लिहिलेस. तेव्हापासून तू स्वल्पविराम, आणि लाडाची स्वल्पी. पहिलं अख्खं पान ऐकून झालं तेव्हा बाबा सवयीने चष्मा काढायला गेले, आणि चष्मा नव्हताच. पुढे ते वारल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

प्रोग्राम ओपन सोर्स ठेवायचा, ही अटही तुझीच. कुणीही फुकट घ्यावा, कोड वाचावा, सुधारावा, आणि सुधारलेलाही तसाच खुला ठेवावा. मग आपलं बिनसलं. मी न विचारता तुझे काही नियम बदलले, एवढ्यावरून. तू बाबांना घेऊन भावाकडे निघून गेलीस, माझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. प्रोग्राम जाहीर करायच्या दिवशी प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर लिहिणारीचं नाव घालायचं होतं. तुझ्या फाइलींवरही मी माझंच घातलं. फुकट वाटायच्या गोष्टीवर नाव कुणाचं, याने काय बिघडतं, असं मनाला समजावलं. खरं तर ते रागाच्या भरात घातलं, आणि राग ओसरल्यावर लाजेपोटी तसंच राहू दिलं. लोक अजून त्या थांबण्याचंच कौतुक करतात. मी मान डोलावते.

आता एका कंपनीने आपला प्रोग्राम उचलून, कोड कुलूपबंद करून, अंध माणसांना विकायला काढला आहे. तिच्यावर दावा लावायला एक न्यास तयार आहे. पण ज्यांनी ज्यांनी कोड लिहिला त्या सर्वांनी आपला कॉपीराइट लेखी न्यासाच्या नावे करून द्यायचा, म्हणजे कोर्टात एकच मालक उभा राहील. एकेचाळीस जणांनी सह्या केल्या. माझ्या कागदावर एक ओळ होती: 'हे सर्व काम मी स्वतः लिहिले आहे.' तिथे पेन टेकवलं आणि सही न करताच उठले. काल न्यासाच्या वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग ते तुमचं नाहीच. तुम्ही देणार कसं?" फाइलींवर आता तुझं नाव आहे, आणि ते इतकी वर्षं का नव्हतं, हेही सगळ्यांना वाचता येईल असं मी लिहिलं आहे. हा खटल्याचा प्रश्न उभा राहिला नसता तर एवढं धाडस केलं असतं का, सांगता येत नाही. सोबत तुझ्या सहीसाठी न्यासाचा तसाच कागद जोडला आहे. नाही म्हणालीस तर तुझे नियम काढून आम्ही नवे लिहू. तेवढे चांगले होणार नाहीत, पण लिहू. सही केलीस तर ती ऐकणाऱ्यांसाठी केलीस असं समजेन. मला माफ केलंस, असा अर्थ मी काढणार नाही.

तुझीच,
ढमी